टाके दिसतात, नावे नाहीत

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात कुरुक्षेत्राचे युद्ध भरलेले एक लांबलचक कापड आहे. हिमाचलातल्या चंबा संस्थानाकडून १८८३ साली ते इंग्रजांना भेट म्हणून गेले. रथ, घोडे, धनुष्य ताणलेले वीर, सगळे रेशमी टाक्यांत उभे केलेले. चंब्याच्या दरबारी रुमालांची रीत अशी की, पहाडी शैलीत तयार झालेल्या चित्रकाराने कापडावर रेखाटन करून द्यायचे आणि बायकांनी ते भरायचे. यातल्या चित्रकारांवर आज भरपूर लिहिले गेले आहे. बी. एन. गोस्वामी यांनी तीर्थक्षेत्रांतल्या पंड्यांच्या वह्या धुंडाळून पहाडी चित्रकारांची घराणी जुळवली. पंडित सेऊ, त्याचे मुलगे मानकू आणि नैनसुख, नैनसुखचा मुलगा निक्का ही वंशावळ कलेच्या इतिहासात पक्की झाली. तेच रेखाटन रंगसंगतीसह पुरे करणाऱ्या बायकांची वंशावळ कुणी मांडलेली नाही.

चंब्याच्या रुमालाचा टाका दोरुखा असतो. कापडाच्या दोन्ही बाजूंना चित्र सारखेच दिसते, गाठ कुठेही नजरेस पडत नाही. देवापुढचा नैवेद्य आणि लग्नातल्या भेटवस्तू झाकण्यासाठी हे रुमाल वापरले जात. रंग कुठे गडद करायचा, टाक्याची दिशा कुठे वळवायची, घोड्याच्या पाठीचा गोलवा कसा आणायचा, हे सगळे सुई धरणारीच्या हातात होते. तरीही तिचे काम ‘भरणे’ ठरले आणि रेखाटणाऱ्याचे ‘चित्र’.

हा प्रश्न एकट्या चंब्याचा नाही. दारावरचे तोरण, भिंतीवरचा चाकळा, बंगालची कांथा, आपल्याकडची गोधडी, उशीचे अभ्रे, ताटावरचा रुमाल, बाळाची कुंची असे कितीतरी काम बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या कापडावर केले. त्याची रवानगी हस्तकला, लोककला किंवा फावल्या वेळचा उद्योग अशा कप्प्यांत झाली. चर्चेत आलेच तर ते प्रदेशाच्या, जातीच्या आणि टाक्याच्या नावाने आले. या कामात कस नव्हता म्हणून त्याकडे दुर्लक्ष झाले, असे म्हणायला आधार नाही. दुर्लक्ष झाले ते नोंद न ठेवल्यामुळे. जी कापडे उरली आहेत ती नीट पाहिली, तर हे पटायला वेळ लागत नाही.

धागे मोजून, उलट बाजूने

पंजाबची फुलकारी जवळून पाहण्याजोगी आहे. हातमागावरच्या जाड खद्दराचे अरुंद पट्टे जोडून कापड तयार होते. त्यावर ‘पट’ नावाच्या पीळ न दिलेल्या रेशमाने भरायचे. पारंपरिक भौमितिक कामात कापडावर आधी काही काढलेले नसते. बाई उलट बाजूने ताण्या-बाण्याचे धागे मोजत सुई घालते आणि नक्षी सुलट बाजूला उमटत जाते. म्हणजे काम चालू असताना चित्राची पाठच तिच्या समोर असते. पुढची बाजू तिच्या डोक्यात. बिनपिळाच्या रेशमावर उजेड टाक्याच्या दिशेनुसार पडतो, त्यामुळे एकाच सोनेरी धाग्याचे आडवे टाके आणि उभे टाके दोन वेगळ्या छटांचे भासतात. कापड दिसेनासे होईपर्यंत भरले की त्याला बाग म्हणतात. अशा बागेत हजारो टाके एका मोजणीवर उभे असतात, एक धागा चुकला की पुढची सगळी ओळ सरकते.

यातले प्रकार नात्यांवरून ठरत. ‘चोप’ ही लग्नात नातीला द्यायची फुलकारी आईची आई भरत असे, आणि तिचे काम दोन्ही बाजूंना सारखे दिसे. ‘वरी दा बाग’ नातू जन्मला की आजी त्याच्या भावी नवरीसाठी भरायला घेई. ‘दर्शन द्वार’ देवस्थानाला अर्पण करण्यासाठी असे. ‘सैंची’त मात्र रेखाटन करून गावच भरले जाई: ताक घुसळणारी बाई, पैलवान, जनावरे, नवी आलेली आगगाडी. पुष्कळ बागांमध्ये एखादे फूल मुद्दाम वेगळ्या रंगाचे सोडलेले दिसते, कामाला दृष्ट लागू नये म्हणून. १९४७च्या फाळणीत ही घरे उठली, आणि त्यांच्याबरोबर घरासाठी फुलकारी भरण्याची साखळीही तुटली.

बंगालची कांथा दुसऱ्या टोकाची. तिथे नवे रेशीम नाही, नवे कापडही नाही. वापरून मऊ झालेल्या साड्या-धोतरांचे थर जमिनीवर ताणून अंथरायचे, कडा टाचायच्या आणि साध्या धावदोऱ्याने सगळे एकजीव करायचे. रंगीत दोरेसुद्धा जुन्या साड्यांच्या काठांतून उसवून काढलेले. मध्यभागी बहुधा पाकळ्यांचे कमळ, चार कोपऱ्यांत झाडे, मधल्या जागेत घोडे, पालख्या, होड्या, आडकित्ते, देव आणि माणसे. आकृतीच्या कडेकडेने पांढऱ्या दोऱ्याचे टाके फिरत जातात, तेव्हा कापडाला बारीक लाटा पडतात आणि रिकामी जागाही हलती वाटते. धावदोरा हा शिवणातला सर्वांत साधा टाका. त्यातून एवढा पोत काढायचा तर रचनेची जाण असावी लागते.

कोलकात्याजवळच्या गुरुसदय संग्रहालयात मानदासुंदरी दासी या खुलन्याकडच्या बाईची कांथा आहे. पुराणातल्या प्रसंगांशेजारी तिने गोरे शिपाई आणि आपल्या काळचे लोक भरले, आणि ही कांथा आपण वडिलांसाठी केल्याचे कापडावर दोऱ्यानेच लिहिले. सही असलेल्या अशा कांथा थोड्या. नाव लिहिण्याची संधी आणि अक्षरओळख असलेल्या बाईने ते लिहिले, हे या एका कापडावरून दिसते. आपण काहीतरी केले आहे याची तिला पुरती जाणीव होती.

कच्छ-सौराष्ट्रात भरतकाम घराच्या भिंतींशीच जोडलेले आहे. दारावर तोरण, चौकटीच्या दोन्ही बाजूंना साखिया, भिंतीवर चौकोनी चाकळे, देवाच्या जागी गणेशस्थापन, वर छताला चंदरवो. नवरी सासरी येताना हा सगळा संच घेऊन येई आणि मातीच्या भिंतींची खोली एका दिवसात रंगांनी भरून जाई. रबारी, अहिर, सोढा, मुतवा, जत अशा प्रत्येक समाजाचे टाके, आरशांचे आकार आणि रंग वेगळे. जाणकाराला कापड पाहून समाज ओळखता येतो. खोली सजवणाऱ्या या रचनांची तुलना भित्तिचित्रांशी सहज होऊ शकते, पण भारतीय भित्तिचित्रांच्या ग्रंथात चाकळ्याला जागा मिळाल्याचे क्वचितच दिसते.

दक्षिणेला आले की उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांची ‘कवंदी’ भेटते. आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्या आणि तिथून निसटून जंगलात गेलेल्या लोकांचे अनेक वंशज या भागात राहतात, कोकणी बोलतात. कवंदी शिवणारी बाई कडेपासून सुरुवात करते आणि तुकडे जोडत, फेऱ्या घेत मध्याकडे सरकते. शेवटी चार कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची ‘फुला’ बसवल्याशिवाय कवंदी पुरी झाली असे मानत नाहीत. धारवाडकडच्या कसूतीत पुन्हा धागे मोजण्याचा हिशेब आहे. गवंती टाका जाताना अर्धी नक्षी टाकतो आणि परतताना उरलेली भरतो, त्यामुळे उलट-सुलट एकच. सोलापूर-कोल्हापूरकडच्या कितीतरी घरांत इरकलीवरची ही कसूती ओळखीची आहे.

उंबरठ्याच्या आतले काम

या सगळ्याला कलेच्या दारात अडवले कुणी? त्याचे एक उत्तर लंडनमध्ये सापडते. १७६८ साली स्थापन झालेल्या रॉयल अकॅडमीने १७७० मध्ये ठराव करून सुईकाम आपल्या प्रदर्शनांतून वगळले. कृत्रिम फुले आणि शिंपल्यांच्या वस्तूंच्या पंक्तीत त्याला बसवले. चित्र-शिल्प वरच्या पायरीवर आणि वापरायची वस्तू खालच्या पायरीवर, ही उतरंड वसाहतीच्या काळात कलाशाळा आणि संग्रहालयांबरोबर आपल्याकडे आली. रोझिका पार्कर यांनी १९८४ साली ‘द सबव्हर्सिव्ह स्टिच’ या पुस्तकात इंग्लंडचा हा इतिहास सविस्तर मांडला. सुईकाम बायकांचे ठरले तसतसे त्याचे मोल उतरत गेले, हा त्यांचा मुख्य मुद्दा.

आपल्याकडे त्यात आणखी एक गोष्ट मिसळली. तीच सुई पुरुषाच्या हाती कारखान्यात गेली की तिला हुन्नर मानले गेले. जरदोजीचे उस्ताद, काश्मिरी शालींवर सोजनी करणारे कारागीर यांना शागीर्द होते, मोबदला होता, घराण्याचा लौकिक होता. घरात बसून भरणारीचे काम विकायचे नव्हते. त्याला भाव नाही, म्हणून हिशेब नाही आणि हिशेब नाही म्हणून कागदही नाही. इतिहासकाराला लागणारी साधने तिथेच संपतात.

विकायला सुरुवात झाली तरी फार फरक पडला नाही. आंध्रातल्या नरसापूर परिसरात मिशनऱ्यांनी शिकवलेले क्रोशाचे काम परदेशी टेबलांवर जात होते. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९८२ साली त्यावर ‘द लेस मेकर्स ऑफ नरसापूर’ हे पुस्तक लिहिले. दिवसाचे अनेक तास सुई चालवणाऱ्या या बायकांना गृहिणीच समजले जाते, त्यांच्या श्रमाला फुरसतीचा उद्योग म्हटले जाते आणि त्यामुळेच मजुरी कमी देता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

तिसरे कारण कापडातच आहे. गोधडी अंगावर फाटते, अभ्रा धुऊन विरतो, दुपट्याचे पुढे पोतेरे होते. उत्तम तेच सर्वांत जास्त वापरले जाते आणि आधी नष्ट होते. संग्रहालयांत पोहोचलेला माल हा बऱ्याच अंशी पेटीत जपून ठेवलेला, म्हणजे सणासुदीचा. रोजच्या कामाचा फार मोठा भाग कायमचा गेला.

रुखवतातले प्रदर्शन

महाराष्ट्रात या कलेचे हक्काचे प्रदर्शन म्हणजे रुखवत. मांडवाच्या कडेला लावलेल्या टेबलांवर मॅटीवर फुली टाक्याने भरलेले टेबलक्लॉथ, जोडीचे अभ्रे, क्रोशाचे रुमाल, मण्यांची तोरणे, टीव्ही आणि मिक्सरवर घालायची आवरणे ओळीने मांडलेली असत. ते पाहायला बायका वाकून उलट बाजू तपासत, कारण भरतकाम खरे कळते ते मागून. दोरा किती उड्या मारतो, गाठी किती, शेवट कुठे लपवला. ही समीक्षाच होती. मांडव उतरला की ती संपत असे.

या कामाची शिकवण घर आणि शाळा अशा दोन्हींकडून आली. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली उभ्या केलेल्या पुण्याच्या सेवासदनासारख्या संस्थांनी शिवण-भरतकामाला शिक्षणात स्थान दिले. एकट्या पडलेल्या बाईला त्यातून चार पैसे मिळावेत, हा हेतू. पुढे शाळांत हस्तव्यवसायाच्या तासाला साखळी टाका, गाठीचा टाका, लेझी डेझी, काश्मिरी टाका असे नमुन्यांचे कापड प्रत्येकीला करावे लागे. टाचणीने टोचलेला खाका, त्यावरून फिरवलेली रॉकेलातली नीळ, अँकरच्या लडी, लाकडी रिंग ही मध्यमवर्गीय घरांतली ओळखीची सामग्री. मुंबईत राहून कमला डोंगरकेरी यांनी १९५१ मध्ये ‘द रोमान्स ऑफ इंडियन एम्ब्रॉयडरी’ हे पुस्तक लिहिले. या विषयाकडे जाणतेपणाने पाहणाऱ्या सुरुवातीच्या लेखिकांमध्ये त्यांचे नाव घ्यावे लागते.

गोधडी या सगळ्यापेक्षा जुनी आणि गरिबाघरची. वर-खाली नेसून मऊ पडलेले लुगडे, आत चिंध्यांचे थर, कडेने गोट आणि हातभर अंतरावर बसून दोघी-तिघींनी घातलेले धावदोरे. कुठे चौकोनात चौकोन, कुठे कडेपासून आत वळत जाणारी रांग. लाल खणाचा तुकडा कुठे बसवायचा, फाटक्या जागेवरचे ठिगळ रचनेत कसे मुरवायचे, याचा निर्णय हात चालू असतानाच होतो. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी गावोगाव फिरून महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर इंग्रजीत पुस्तक केले. मराठीत मात्र गोधडीवर आठवणींचे ललित लेखन भरपूर आहे आणि तिच्या रचनेवरचे लेखन थोडे.

याच बायकांच्या ओव्यांचे नशीब वेगळे निघाले. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये ओव्या जमवल्या. सरोजिनी बाबर, दुर्गा भागवत यांनी लोकसाहित्याचा अभ्यास उभा केला. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी सहकाऱ्यांसह लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्या गाणारीचे नाव-गाव धरून नोंदवल्या. पहाटे जात्यावर गायलेले शब्द त्यामुळे टिकले. त्याच बाईने दुपारी घातलेले टाके तिच्या नावासह टिपण्याचे त्या तोडीचे काम अजून व्हायचे आहे.

ओझे आणि नक्कल

या कामाचे नुसते गोडवे गाणे बरोबर नाही. त्यात सक्ती होती. मुलगी ‘उजवायची’ तर तिला भरतकाम आलेच पाहिजे आणि रुखवत घसघशीत दिसलेच पाहिजे, हा दबाव अनेकींनी सोसला. कच्छमधल्या ढेबरिया रबारी समाजात हुंड्यासाठी भरायच्या कापडांचा बोजा इतका वाढला की ती पुरी होईपर्यंत मुलींचे सासरी जाणे लांबत गेले. अखेर १९९५ मध्ये पंचांनी स्वतःच्या वापरासाठी भरतकाम करण्यावरच बंदी घातली. बायकांनी त्यावरही वाट काढली. तयार लेस, फिती आणि शिवणयंत्र वापरून त्यांनी नवी सजावट शोधली. बंदी टाक्यावर होती, रचना करण्याच्या हौसेवर ती चालली नाही.

दुसरा आक्षेप नकलेचा. छापील नमुन्यावरून भरलेली गुलाबाची जोडी आणि ‘स्वीट ड्रीम्स’चे अभ्रे यांना कला म्हणायचे का? पुष्कळांना नाही, हेच प्रामाणिक उत्तर. चित्रकलेतही नकला ढिगाने होतात आणि त्यामुळे चित्रकला खालची ठरत नाही. तिथे चांगले-वाईट निवडणारे डोळे तयार झालेले असतात. भरतकामाला तसे समीक्षक मिळाले ते थोडे आणि उशिरा. गुरुसदय दत्त हे सनदी अधिकारी १९२०-३०च्या दशकांत बंगालच्या खेड्यांतून कांथा जमवत होते. स्टेला क्रॅमरिश यांनी १९३९ मध्ये कांथेवर अभ्यासपूर्ण लेख लिहिला आणि पुढे त्यांचा संग्रह फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात गेला. जसीमुद्दीन यांच्या ‘नक्शी कांथार माठ’ या १९२९च्या काव्यात नायिका आपली कहाणीच कांथेवर भरते. या तिघांमुळे कांथेला मान मिळाला. महाराष्ट्राच्या गोधडीला असा कुणी वेळेवर भेटला नाही.

अमेरिकेतला अनुभव इथे उपयोगी पडतो. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने १९७१ मध्ये जुन्या गोधड्या अमूर्त चित्रांसारख्या भिंतीवर टांगल्या, तेव्हा त्यांचे सौंदर्य गाजले पण करणाऱ्या बायका मागेच राहिल्या. पॅट्रिशिया मेनार्डी यांनी १९७३ मध्ये त्यावर बोट ठेवले. पुढे २००२ साली ह्यूस्टनमध्ये अलाबामातल्या जीज बेंड या कृष्णवर्णीय वस्तीच्या गोधड्यांचे प्रदर्शन झाले, तेव्हा मेरी ली बेंडॉल्फ, लोरेटा पेटवे, ॲनी मे यंग ही नावे गोधडीबरोबर लोकांपर्यंत गेली. मधल्या तीस वर्षांत घडलेला मोठा बदल तो हाच.

बाजार आला, मग?

स्वातंत्र्यानंतर घरगुती भरतकाम टिकले ते बऱ्याच अंशी संस्थांमुळे. १९६९च्या दुष्काळात मदतकार्यासाठी कच्छला गेलेल्या चंदाबेन श्रॉफ यांना तिथल्या बायकांनी फुकटचे अन्न नको, काम द्या असे सुचवले. त्यातून ‘श्रुजन’ उभी राहिली. १९९३ मध्ये सुरू झालेल्या ‘कला रक्षा’ने पुढे कारागिरांना रचनाकार म्हणून घडवणारी शाळा काढली. बिहारमधल्या भुसुरा गावात १९८८च्या सुमारास सुजनीला नवे रूप मिळाले. जुन्या साड्यांच्या पांघरुणांवर बायकांनी हुंडा, मुलीचा जन्म, दारू पिऊन येणारा नवरा, बँकेत प्रथमच गेलेली बाई असे विषय भरले. सभेत जे बोलता येत नव्हते ते तिथे टाक्यांत आले.

बाजाराने पैसा आणला आणि वेगळा धोकाही आणला. शहरातला रचनाकार नमुना देतो, गावातली बाई भरते, नाव लेबलवर रचनाकाराचे. चंब्याच्या दरबारातली वाटणी नव्या रूपात परत येते. ३० मार्च २०२३ रोजी गेट वे ऑफ इंडियापुढे डिऑर या फ्रेंच कंपनीच्या कपड्यांचा सोहळा झाला, तेव्हा मागे उभारलेले प्रचंड तोरण मुंबईच्या चाणक्य स्कूल ऑफ क्राफ्टमधल्या कलावंतांनी केले होते. घराच्या चौकटीवरची वस्तू जगापुढे गेली, संस्थेचे नावही सांगितले गेले, हे चांगले झाले. एकेका भरणारीचे नाव पोहोचणे ही पुढची पायरी आहे.

ती पायरी अशक्य नाही, हे पद्म पुरस्कारांच्या अलीकडच्या याद्या सांगतात. २०२२ मध्ये चंबा रुमालासाठी ललिता वकील, २०२३ मध्ये कांथेसाठी प्रीतीकणा गोस्वामी, २०२४ मध्ये पुन्हा कांथेसाठी तकदीरा बेगम आणि २०२५ मध्ये सुजनीसाठी भुसुऱ्याच्या निर्मला देवी यांना पद्मश्री मिळाली. सलग चार वर्षे सुई-दोऱ्याचे काम व्यक्तीच्या नावाने गौरवले गेले.

पुरस्कार मोजक्यांना मिळतात. कापडे मात्र लाखो घरांत आहेत, आणि ती सांभाळण्याची व्यवस्था नाजूक आहे. मानदासुंदरीची कांथा जपणाऱ्या गुरुसदय संग्रहालयाचेच केंद्राकडून मिळणारे अर्थसाहाय्य २०१७ मध्ये थांबले आणि ते अडचणीत आले. महाराष्ट्रात फुली टाक्याचे रुखवत केलेल्या आणि हाताने गोधड्या घातलेल्या बायका आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्याकडे जायला मोठा निधी लागत नाही. वस्त्रशास्त्र आणि गृहविज्ञान शिकवणाऱ्या महाविद्यालयांनी, जिल्ह्याच्या संग्रहालयांनी आणि ओव्यांच्या प्रकल्पात मुरलेल्या कार्यकर्त्यांनी मिळून एक साधा तक्ता ठरवला तरी कामाला सुरुवात होईल: करणारीचे नाव आणि गाव, टाका कुणाकडून शिकली, कापड कुणाच्या लुगड्याचे, कुणासाठी केले, नमुना कुठला आणि स्वतःचा बदल कोणता, सुलट आणि उलट अशा दोन्ही बाजूंचे छायाचित्र. गोधडी घरातच राहू द्यावी, वापरातही राहू द्यावी. नोंद मात्र करणारी सांगायला समोर आहे तोवर, येत्या काही वर्षांतच व्हायला हवी.